दूरच्या बेटांना लाटेचा इशारा

एखाद्या राष्ट्राचीं बेटें जेव्हां त्याच्या मुख्य भूमीपासून हजारों मैल दूर असतात, तेव्हां तेथील लोकांच्या पुष्कळशा गरजा दुसऱ्याच्या हातून भागतात. धान्य जहाजानें येतें, टपाल विमानानें येतें, कायदे दूरच्या राजधानींत होतात आणि पैसाहि तेथूनच मंजूर होऊन येतो. या सर्व गोष्टींना उशीर झाला तरी बेटावरचा मनुष्य, कुरकुर करीत कां होईना, वाट पाहूं शकतो. परंतु एक गोष्ट अशी आहे कीं, तिला दहा मिनिटांचाहि उशीर खपत नाहीं. ती म्हणजे समुद्रांतून चालून येणाऱ्या प्रचंड लाटेची आगाऊ सूचना. या लाटेला आज सारें जग त्सुनामी या जपानी नांवानें ओळखतें. तिची सूचना दूरच्या बेटांना वेळेवर कशी द्यावी, आणि जी आज दिली जाते तींत सुधारणा कोठें व्हावयास पाहिजे, हा प्रश्न जितका शास्त्राचा तितकाच राज्यकारभाराचा आणि गांवकीचाहि आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा या बाबतींतील पाऊणशें वर्षांचा अनुभव या दृष्टीनें तपासून पाहण्यासारखा आहे. कारण तेथील इशाऱ्याची यंत्रणा जन्मास आली तीच मुळीं एका दूरच्या बेटावरील आपत्तींतून.

प्रथम ही लाट म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. जपानी भाषेंत त्सु म्हणजे बंदर आणि नामी म्हणजे लाट. खोल समुद्रांत मासेमारीस गेलेल्या कोळ्यांना तेथें कांहींहि जाणवत नसे, आणि परत येऊन पाहावें तों बंदर उद्ध्वस्त झालेलें असे. म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. नांवाची ही कथा लाटेच्या स्वभावाशीं जुळणारीच आहे. वाऱ्यानें उठणारी लाट पाण्याच्या वरच्या थरापुरती असते. त्सुनामीचें तसें नाहीं. समुद्राचा तळ भूकंपानें एकाएकीं वर उचलला गेला किंवा खचला, म्हणजे त्याच्यावरचें सगळें पाणी, तळापासून पृष्ठभागापर्यंत, हलविलें जातें. भर समुद्रांत या लाटेची उंची पुष्कळदां एक-दोन फुटांहून अधिक नसते. तिची लांबी मात्र शंभर मैलांहूनहि जास्त असूं शकते. तिचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. १३,००० फूट खोल पाण्यांत ती ताशीं सुमारें ४४० मैल वेगानें जाते, म्हणजे विमानाच्या तोलामोलानें. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालें कीं तिचा वेग ताशीं वीस-पंचवीस मैलांवर येतो. पुढचें पाणी मंदावतें, मागचें त्याच्यावर चढतें, आणि जी लाट भर समुद्रांत जहाजाला जाणवलीहि नसती, ती किनाऱ्यावर वीस, तीस, कधीं पन्नास फूट उंचीवर चढून जाते.

मग अशा लाटेची आगाऊ सूचना मिळणें शक्य कसें होतें? याचें उत्तर दोन वेगांच्या तफावतींत आहे. भूकंपाचे धक्के खडकांतून सेकंदाला सुमारें ५ मैल या वेगानें धांवतात. लाटेला जें अंतर तोडण्यास पांच तास लागतात, तें अंतर हे धक्के कांहीं थोड्या मिनिटांत तोडतात. भूकंपमापक यंत्रानें धक्का टिपला, त्याची जागा व शक्ति यांचा हिशेब झाला, कीं लाट कोणत्या किनाऱ्याला किती वाजतां पोहोंचेल हें सांगतां येतें. धक्का आणि लाट यांच्यामधला हा जो अवधि, तेंच इशारा देणाऱ्याचें सारें भांडवल. तें कोठें पांच तासांचें असतें, कोठें पंधरा मिनिटांचें. आणि दूरच्या बेटांचा सगळा प्रश्न या फरकांत सांठविलेला आहे.

१९४६ सालीं हवाई बेटें हें अमेरिकेचें घटकराज्य नव्हतें. तो एक दूरचा प्रदेश होता, आणि घटकराज्याचा दर्जा त्याला पुढें १९५९ सालीं मिळाला. १ एप्रिल १९४६ रोजीं, हवाईच्या घड्याळाप्रमाणें पहांटे दोनच्या सुमारास, अलास्काला लागून असलेल्या अल्यूशियन बेटांजवळ समुद्रतळाशीं मोठा भूकंप झाला. तेथील युनिमाक बेटावरचें स्कॉच कॅप नांवाचें दीपगृह लाटेनें धुऊन नेलें आणि त्यांतील पांचहि रक्षक मरण पावले. ती लाट दक्षिणेकडे दोन हजारांहून अधिक मैल चालून सकाळीं सातच्या सुमारास हवाईच्या हिलो शहरांत शिरली. मध्यें जवळ जवळ पांच तास गेले होते. या पांच तासांत हिलोला कोणींहि कांहीं कळविलें नाहीं, कारण कळविण्याची व्यवस्थाच अस्तित्वांत नव्हती. समुद्र मागें हटलेला पाहून कित्येकजण कौतुकानें किनाऱ्यावर गेले. दिवस एक एप्रिलचा असल्यामुळें कित्येकांना ओरडा ही थट्टा वाटली. लाउपाहोएहोए येथील समुद्रकाठच्या शाळेंतील विद्यार्थी व शिक्षकहि लाटेंत सांपडले. हवाई बेटांत दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, त्यांपैकीं ९६ एकट्या हिलोंत.

या आपत्तीनंतर तीन वर्षांनीं, १९४९ सालीं, होनोलुलूजवळील चुंबकीय वेधशाळेंत लाटेच्या इशाऱ्याचें केंद्र सुरू झालें. आज पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्र या नांवानें जें ओळखलें जातें आणि होनोलुलूच्या फोर्ड बेटावरून जें रात्रंदिवस काम करतें, तें हेंच. १९६५ पासून युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाच्या द्वारें त्याचा लाभ पॅसिफिकच्या कांठच्या इतर राष्ट्रांनाहि मिळूं लागला.

केंद्र निघालें म्हणून प्रश्न सुटला असें मात्र झालें नाहीं, आणि याचा दाखला अकरा वर्षांच्या आंतच मिळाला. २२ मे १९६० रोजीं दक्षिण अमेरिकेंत चिली देशाच्या किनाऱ्यावर ९·५ प्रतीचा भूकंप झाला. यंत्रांनीं मोजलेल्या भूकंपांत याहून मोठा अद्याप झालेला नाहीं. लाटेला हवाईपर्यंत येण्यास सुमारें पंधरा तास लागणार होते. केंद्रानें हिशेब बरोबर केला, सूचना वेळेवर दिली, आणि हिलो शहरांत रात्रीं साडेआठच्या सुमारास भोंगे वाजले. सर्वांत मोठी लाट रात्रीं एकच्या पुढें आली. मध्यें चार तासांहून अधिक वेळ होता, तरीहि ६१ माणसें मेलीं. पुढें चौकशी झाली तेव्हां आढळून आलें कीं, भोंगा बहुतेकांनीं ऐकला होता. पण त्याचा अर्थ काय घ्यावयाचा याविषयीं एकमत नव्हतें. कोणाला वाटलें कीं ही पहिली सूचना आहे, अजून दुसरी व्हायची आहे. कोणी पूर्वीं आलेल्या लहान लाटा आठवून घरींच राहिले. कोणी तर लाट पाहावयास म्हणून पाण्याच्या दिशेनें गेले. यंत्र, हिशेब आणि भोंगा हीं तिन्ही बिनचूक असूनहि सूचना माणसाच्या मनापर्यंत पोहोंचली नाहीं, तर ती न दिल्यासारखीच होते, ही गोष्ट हिलोनें फार मोठी किंमत देऊन शिकविली.

याच्या उलट चूकहि होऊं शकते. ७ मे १९८६ रोजीं अल्यूशियन बेटांजवळ पुन्हां मोठा भूकंप झाला. हवाई बेटांवरील किनारे रिकामे करण्यांत आले, कचेऱ्या व दुकानें बंद झालीं, रस्ते गाड्यांनीं भरून गेले. आणि लाट आली ती अगदींच किरकोळ. असा इशारा दोनदां फुकट गेला म्हणजे तिसऱ्या वेळीं लोक जागचे हलत नाहींत. भूकंप झाला एवढ्यावरून लाट उठली असें निश्चित म्हणतां येत नाहीं. लाट खरोखर उठली आहे कीं नाहीं हें भर समुद्रांतच पाहावयास हवें. या गरजेंतून समुद्रतळावरील दाबमापकांची योजना पुढें आली. तळाशीं ठेवलेलें यंत्र आपल्या डोक्यावरील पाण्याच्या वजनांतला अत्यंत सूक्ष्म फरक ओळखतें, ध्वनीच्या साहाय्यानें पृष्ठभागावर तरंगणाऱ्या बोयऱ्याला कळवितें, आणि बोयरें तें वृत्त उपग्रहाकडे धाडतें. मैल-दोन मैल खोल पाण्यावरून गेलेली अर्ध्या इंचाची लाटहि अशा यंत्राला समजते. २००४ सालच्या अखेरीस अमेरिकेचीं असलीं सहाच यंत्रें समुद्रांत होतीं. त्या वर्षीं हिंदी महासागरांत जो प्रलय झाला, त्यानंतर २००६ सालीं अमेरिकेनें या कामासाठीं स्वतंत्र कायदा केला आणि २००८ पर्यंत यंत्रांची संख्या ३९ झाली. दूरवरून येणाऱ्या लाटेच्या बाबतींत यामुळें अंदाज पुष्कळच विश्वासार्ह झाले, ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

परंतु लाट नेहमीं दूरूनच येते असें नाहीं. अमेरिकेच्या ताब्यांतील कित्येक बेटें अशा जागीं वसलेलीं आहेत कीं, भूकंपाचा उगम त्यांच्या उंबरठ्याशींच असतो. पश्चिम पॅसिफिकमधील ग्वाम व उत्तर मारियाना हीं बेटें मारियाना गर्तेच्या काठावर आहेत. कॅरिबियन समुद्रांतील प्वेर्तो रिको आणि व्हर्जिन बेटें यांच्या उत्तरेसहि तशीच खोल गर्ता आहे. १९१८ सालीं प्वेर्तो रिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर भूकंपापाठोपाठ आलेल्या लाटेनें माणसें मारलीं होतीं. आणि दक्षिण पॅसिफिकमध्यें, होनोलुलूपासून सुमारें २,६०० मैलांवर आणि वॉशिंग्टनपासून सुमारें ७,००० मैलांवर, आहे अमेरिकन सामोआ.

या प्रदेशाची माहिती इकडे फारशी कोणाला नसते. तुतुइला हें त्यांतलें मुख्य बेट; पागो पागो हें त्याचें बंदर. तुतुइलाच्या सरदारांनीं १९०० सालीं करार करून तें बेट अमेरिकेच्या स्वाधीन केलें. २०२० च्या शिरगणतीप्रमाणें या सबंध प्रदेशाची लोकसंख्या ५० हजारांच्या थोडी आंतच भरली. बेट डोंगराळ असल्यामुळें गांवें समुद्रकाठच्या अरुंद पट्टीवर एकापुढें एक वसलेलीं आहेत. पाठीशीं उभा डोंगर आणि समोर पाणी. पागो पागोचें बंदर एका प्राचीन ज्वालामुखींत समुद्र शिरून झालेलें आहे. तें लांब, अरुंद आणि आंत आंत निमुळतें होत गेलेलें आहे. वादळांत जहाजांना जो आडोसा देतें, त्याच आकारानें तें लाटेचें पाणी मात्र आंत कोंडून उंच चढवितें. येथील लोक अमेरिकेचे प्रजाजन आहेत, पण जन्मानें नागरिक नाहींत. अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेंत त्यांचा एक प्रतिनिधि बसतो, पण त्याला सभेच्या अखेरच्या मतदानांत मत नाहीं. त्यांच्या किनाऱ्यावरील यंत्रांचा खर्च ठरविणाऱ्या सभेंत त्यांचा हात वर होत नाहीं, ही गोष्ट पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावी.

या बेटांच्या दक्षिणेस टोंगा गर्ता आहे. पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखालीं ज्या वेगानें येथें सरकतो, तितका वेग दुसरीकडे कोठेंहि आढळत नाहीं. गर्तेच्या उत्तर टोंकाशीं तो वर्षाला नऊ इंचांपर्यंत जातो. २९ सप्टेंबर २००९ रोजीं सकाळीं ६ वाजून ४८ मिनिटांनीं, बेटांपासून सुमारें १२० मैलांवर, येथें ८·१ प्रतीचा भूकंप झाला. शास्त्रज्ञांनीं पुढें अभ्यास केला तेव्हां दिसून आलें कीं, तो एक भूकंप नव्हताच. गर्तेच्या बाहेरच्या बाजूस कवच फाटलें, आणि दोन मिनिटांच्या आंत गर्तेंतल्या सांध्यावर जवळ जवळ तितक्याच ताकदीचा दुसरा भूकंप झाला. पहिल्याच्या गोंगाटांत तो झांकून गेला होता. होनोलुलूच्या केंद्रानें आपलें काम चोख केलें. भूकंपापासून १६ मिनिटांत, म्हणजे ७ वाजून ४ मिनिटांनीं, इशारा निघाला. पण तुतुइलाच्या पश्चिम किनाऱ्यावर लाट पोहोंचण्यास लागलीं तीं अवघीं पंधरा ते वीस मिनिटें. इशारा होनोलुलूहून निघावा, पागो पागोंतील कचेरींत तो वाचला जावा, तेथून तो नभोवाणीवर जावा आणि गांवोगांव ऐकला जावा, एवढें होण्यास वेळ उरलाच नव्हता. किनाऱ्यावर भोंग्यांची व्यवस्था त्या वेळीं नव्हती. ती पुढें झाली. पोलोआ या गांवीं पाणी ५७ फुटांहून अधिक उंचीवर चढल्याच्या खुणा मागाहून सांपडल्या.

अमेरिकन सामोआंत त्या सकाळीं ३४ माणसें मेलीं. शेजारच्या स्वतंत्र सामोआंत सुमारें १५०, आणि टोंगाच्या राज्यांत ९. प्रत्येक आंकड्यामागें एक घर आहे, म्हणून यांतील कोणताच आंकडा लहान म्हणवत नाहीं. तरीपण लाट ज्या गांवांवरून अक्षरशः फिरून गेली त्या पोलोआ आणि अमानावे या गांवांतील बहुतेक सर्व माणसें जिवंत राहिलीं, हें कसें झालें याचा विचार करण्याजोगा आहे. सामोआंत प्रत्येक गांवाला एक मुखत्यार असतो. आपल्याकडील पाटलाची आठवण व्हावी असें त्याचें काम असतें. त्याला पुलेनुउ म्हणतात. अमानावे गांवच्या पुलेनुउनें हादरा बसतांच कोणाच्याहि हुकमाची वाट न पाहतां कर्णा हातीं घेतला आणि गांवांतून ओरडत फिरून लोकांना डोंगरावर पिटाळलें. सामोअन गांवांतून वायूचें रिकामें लोखंडी नळकांडें घंटेसारखें टांगलेलें असतें, आणि सायंकाळीं प्रार्थनेची वेळ झाली कीं त्यावर ठोके पडतात. हा आवाज गांवांतल्या लहान मुलालाहि ओळखीचा असतो. ओळखीचा आवाज, ओळखीचा माणूस आणि पाठीशींच असलेली टेकडी, एवढ्या सामुग्रीवर जें साधलें तें दोन हजार सहाशें मैलांवरच्या केंद्राला साधण्यासारखें नव्हतें.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, बेटवासीयांना घंटा पुरे आणि यंत्रें व्यर्थ. तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. चिलीकडून किंवा अल्यूशियन बेटांकडून येणाऱ्या लाटेचा हादरा तुतुइलाच्या माणसाला जाणवणारच नाहीं. तेथें होनोलुलूचें केंद्र हाच त्याचा एकमेव आधार. म्हणून सुधारणा दोन्ही बाजूंनीं झाली पाहिजे, आणि प्रत्येक बाजूचें काम निराळें आहे हें ओळखून झाली पाहिजे. दूरच्या लाटेसाठीं दूरचें केंद्र. जवळच्या लाटेसाठीं बेट हेंच स्वतः केंद्र, हें सूत्र धरून चाललें म्हणजे कोणत्या कामाला पैसा कोठें खर्चावा हें ठरविणें सोपें जातें.

यंत्रांच्या बाजूनें पहिली गरज आहे ती यंत्रें बेटांच्या जवळ असण्याची. याचें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. २०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, अमेरिकन सामोआच्या मानुआ समूहांतील ताऊ बेटावर, लोकांना वारंवार हादरे जाणवूं लागले. ताऊ हें ज्वालामुखीचें बेट. हादरे कशाचे, कोठून येतात, त्यांतून कांहीं भयंकर उद्भवणार आहे काय, हें सांगतां येईना; कारण त्या वेळीं अमेरिकन सामोआंत भूकंप नोंदणारें एकहि यंत्र चालू नव्हतें, आणि सर्वांत जवळचें होतें तें शेजारच्या सामोआ देशांत. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचीं माणसें हवाईहून यंत्रें घेऊन धांवलीं आणि ऑगस्टमध्यें तीं बसविलीं, तेव्हां हादऱ्यांचा उगम ताऊ बेटाखालींच असल्याचें कळलें. सुदैवानें पुढें ते शांत झाले. २००९ च्या आपत्तीनंतर तेरा वर्षांनींहि अशी स्थिति होती, एवढ्यावरूनच दूरच्या प्रदेशांचें काम कसें मागें पडतें याची कल्पना यावी.

दुसरी गरज आहे हिशेबाच्या वेगाची. मोठ्या भूकंपाची खरी शक्ति पहिल्या धक्क्यावरून कळत नाहीं. तो जितका मोठा तितकें तें फाटणें अधिक वेळ चालतें. २००९ मध्यें तर एकाखालीं दुसरा लपला होता. धक्क्यांतील मंद लहरींवरून शक्ति काढण्याची रीत त्यानंतर सर्वत्र रूढ होत गेली. तसेंच उपग्रहांच्या साहाय्यानें जमीन किती इंच सरकली हें तत्काळ मोजून त्यावरून अंदाज बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. यानें सोळा मिनिटांचीं आठ किंवा पांच झालीं, तर पागो पागोच्या बाबतींत त्या फरकाला प्राणांचें मोल आहे. समुद्रांतील दाबमापकांच्या नव्या जातीहि अशा तयार झाल्या आहेत कीं, त्या भूकंपाच्या उगमाजवळ ठेवल्या तरी धक्का आणि लाट यांचा घोटाळा होऊं देत नाहींत.

तिसरी गोष्ट १५ जानेवारी २०२२ रोजीं ध्यानांत आली. त्या दिवशीं टोंगांतील हुंगा टोंगा-हुंगा हापाई या समुद्रांतल्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. हवेंत उठलेला दाबाचा तरंग साऱ्या पृथ्वीभोंवतीं फिरला आणि पॅसिफिकच्या सर्व किनाऱ्यांना लाटा जाणवल्या. पागो पागोच्या बंदरांतहि पाणी वरखालीं झालें. सगळी यंत्रणा भूकंपावर बेतलेली, आणि येथें भूकंप नाहींच. अशा वेळीं उपयोगीं पडतात तीं बंदरांतील भरतीओहोटीचीं मापकें आणि समुद्रतळाचीं यंत्रें, कारण लाट कशानेंहि उठो, तीं पाणीच मोजतात. दूरच्या बेटांभोंवतीं अशीं यंत्रें विरळ असतात. त्यांतलें एक बंद पडलें तर शेजारचें शेंकडों मैल दूर असतें. तीं वादळानें तुटतात, मासेमारी करणाऱ्या नौकांचा धक्का लागून निकामी होतात. नवें यंत्र बसविण्याचा समारंभ होतो, जुनें दुरुस्त करण्याचा होत नाहीं. आणि अंदाजपत्रकांत काटछांट झाली कीं पहिली गदा दुरुस्तीवर येते. किनाऱ्यावरील भोंग्यांचें तसेंच आहे. खाऱ्या वाऱ्यानें लोखंडाला गंज चढतो, सुटे भाग जहाजानें यावयाचे असतात, आणि भूकंपानें वीज गेली तर संचित विजेवर चालण्याची सोय आधींच केलेली असावी लागते. दर महिन्याला ठराविक वारीं, ठराविक वेळीं भोंगा वाजवून पाहिला तरच तो खऱ्या प्रसंगीं वाजेल याची खात्री. आणि लोकांच्या कानालाहि तो ओळखीचा होईल.

आतां बेटाच्या बाजूनें करावयाचें काम. तें कमी खर्चाचें आहे, परंतु अधिक चिकाटीचें. सूचना ज्या भाषेंत मुलें घरीं बोलतात त्या भाषेंत, म्हणजे येथें सामोअन भाषेंत, आणि थोडक्या शब्दांत दिली गेली पाहिजे. पाणी कोठवर येऊं शकेल याचे नकाशे प्रत्येक गांवासाठीं निरनिराळे हवेत, कारण एका खाडींत जें पांच फूट चढतें तें पलीकडल्या खाडींत पंचवीस फूट चढतें. रस्त्यावर उंच जागेकडे नेणाऱ्या पाट्या हव्यात. डोंगराकडे जाणारी पायवाट पावसाळ्यांतहि म्हाताऱ्या माणसाला चढतां येईल अशी राखलेली हवी. आजारी व पांगळ्या माणसांना कोणीं न्यावयाचें हें आधींच ठरलेलें असावें. शाळांतून वर्षांतून एकदां तरी प्रत्यक्ष चढून जाण्याची तालीम व्हावी. कॅरिबियन समुद्रांत २०११ पासून अशी तालीम अनेक राष्ट्रांनीं मिळून करण्याची प्रथा पडली आहे आणि प्वेर्तो रिको व व्हर्जिन बेटें तींत भाग घेतात. आणि सर्वांनीं पाठ करावयाचे नियम तीनच आहेत. हादरा जोराचा असला, किंवा सौम्य असूनहि मिनिटभराहून अधिक टिकला, किंवा समुद्र अवेळीं मागें हटला, तर कोणाच्याहि सूचनेची वाट न पाहतां उंचावर जावें. पहिली लाट ओसरली म्हणून खालीं येऊं नये, कारण पुष्कळदां दुसरी किंवा तिसरी तिच्याहून मोठी असते. आणि धोका टळला असें अधिकाऱ्यांनीं सांगेपर्यंत वरच थांबावें.

अशा शिकवणुकीचें बळ किती असतें याचें एक उदाहरण इंडोनेशियांतील सिमेउलुए बेटाचें आहे. १९०७ सालच्या लाटेची आठवण तेथील लोकांनीं आजी-आजोबांच्या तोंडून नातवंडांपर्यंत जपली होती. २६ डिसेंबर २००४ रोजीं भूकंपाचा उगम त्यांच्या बेटाजवळच होता. यंत्रांचा इशारा कसलाच नव्हता. हादरा बसतांच सारें बेट डोंगरावर चढलें, आणि सत्तर हजारांहून अधिक वस्तींत मेलीं अवघीं सात माणसें.

त्याच दिवशींच्या लाटेनें हा प्रश्न आपल्याहि दारीं आणून ठेवला. अंदमान व निकोबार हीं बेटें भारताच्या मुख्य भूमीपासून सातशें-आठशें मैलांवर आहेत आणि भूकंपाची गर्ता त्यांच्या अगदीं काठाशीं आहे. त्या दिवशीं चेन्नईच्या किनाऱ्याला लाट पोहोंचण्यास सुमारें अडीच तास लागले. निकोबारच्या दक्षिण टोंकाला इतकी सवड मिळालीच नाहीं. इंदिरा पॉइंट येथील जमीनच कित्येक फूट खचली आणि तेथील दीपगृहाचा पाया पाण्यांत गेला. २००७ सालच्या ऑक्टोबरपासून हैदराबाद येथें भारताचें स्वतःचें त्सुनामी इशारा केंद्र काम करीत आहे, आणि तें हिंदी महासागराच्या कांठच्या इतर देशांनाहि वृत्त पुरवितें. हें केंद्र चेन्नईला वांचवूं शकेल. कॅम्पबेल बे येथील माणसाला वांचविण्यासाठीं मात्र त्याच्या गांवांतलीच तयारी कामीं येईल. पश्चिम किनाराहि यांतून सुटलेला नाहीं. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहांटे मकरानच्या किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोंचल्या होत्या.

मुख्य भूमीवर बसून दूरच्या बेटांची काळजी वाहणाऱ्या सरकारांना एक मोह नेहमीं पडतो. मोठें केंद्र, मोठें यंत्र, मोठा आंकडा हीं दाखवितां येतात. गांवांतील पायवाट झाडून ठेवली, घंटा कोणीं वाजवावयाची तें ठरलें, शाळेंतील मुलें टेकडीवर सात मिनिटांत चढलीं, या गोष्टी अहवालांत शोभत नाहींत. लाट यावयाची ती एका पिढींत एकदां. मध्यंतरीं तीस-चाळीस वर्षें जातात, अधिकारी बदलतात, पैसा दुसरीकडे वळतो आणि भोंगा गंजतो. म्हणून दूरच्या बेटाच्या इशाऱ्याची परीक्षा राजधानींत होऊं शकत नाहीं. ती बेटावर जाऊन, कोणत्याहि साध्या दिवशीं, शेवटच्या गांवांतील शाळकरी मुलाला विचारून करावी: जमीन हलली तर तूं कोठें जाशील? त्यानें क्षणाचाहि विचार न करतां बोटानें टेकडी दाखविली, तर त्या राष्ट्राची यंत्रणा आपलें काम करीत आहे असें खुशाल समजावें.